मेडिकलच्या काउंटरवर औषध चुकतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबाग-परळच्या पट्ट्यात बावीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे. त्याआधीची काही वर्षं एका रुग्णालयाच्या औषध विभागात गेली. गिऱ्हाइकं विचारतात ते आणि शिकाऊ पोरं विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोन-तीन असेही आहेत जे कुणीच विचारत नाही, ते मीच घुसडले आहेत.

औषधाची चूक म्हणजे चुकीची गोळी देणं, एवढंच ना?

नाही. गोळी बरोबर पण ताकद चुकीची, ताकद बरोबर पण वेळ चुकीची, सगळं बरोबर पण पेशंटला ते समजलंच नाही, हे सगळं त्यात येतं. डॉक्टरांच्या लिहिण्यापासून आजीच्या तोंडात गोळी जाईपर्यंत कुठेही घोटाळा होऊ शकतो. आमचं काउंटर त्या वाटेवरचा शेवटून दुसरा टप्पा. शेवटचा टप्पा तुमचं घर.

चूक झाली तर दोष फार्मासिस्टचाच असणार. त्यात समाज आणि संस्था कुठून आल्या?

माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. गणपतीच्या आधीचा आठवडा, रात्रीचे पावणेनऊ. काउंटरवर सात-आठ जण, एक फोन कानाला, दुसरा वाजतोय, हेल्पर पोरगा गावी गेलेला. ओळखीचे एक गृहस्थ आईची मधुमेहाची गोळी घ्यायला आले. चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. माझ्या हातात आली २ ची पट्टी. एकाच कंपनीची दोन पाकिटं, रंग तोच, अक्षरं तीच, फरक फक्त कोपऱ्यातल्या आकड्याचा, आणि रॅकवर दोन्ही शेजारी-शेजारी. बिल झालं, पिशवी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडतोय तोच गृहस्थ हजर. "काल रात्रीच जरा वेगळी वाटली होती हो, पण गर्दी होती. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास." नशीब एवढंच की गोळी नाश्त्याआधीची होती आणि अजून दिली नव्हती. दुप्पट डोस गेला असता तर म्हाताऱ्या बाईची साखर किती खाली आली असती, ते पुढची अख्खी रात्र माझ्या डोक्यात फिरत होतं.

आता बघा, चूक माझीच होती, नाकारत नाही. पण तिच्यामागे सारखी दिसणारी पाकिटं होती, ती शेजारी ठेवायची सवय होती, एकाच माणसावर पडलेलं दुकान होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एका सज्जन माणसाची भीड होती. त्याच्या लक्षात आलं होतं! बोलला मात्र नाही. जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने अपघातांचा अभ्यास करून हेच मांडलं: बचावाचे थर अनेक असतात, प्रत्येकाला भोकं असतात, आणि सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात होतो. त्यासाठी त्याने भोकंवाल्या चीजची उपमा वापरली. आपण पिठाच्या चाळण्या म्हणू. एकीतून निसटलेला खडा दुसरीत अडकायला हवा. त्या रात्री माझी चाळणी फाटली होती आणि गिऱ्हाइकाची चाळणी त्याने स्वतःच बाजूला ठेवली.

त्यानंतर आम्ही १ आणि २ वेगवेगळ्या खणांत ठेवले, मध्ये तिसऱ्याच औषधाचा खण. आणि पट्टी पिशवीत टाकण्याआधी नाव, ताकद मोठ्याने वाचायची. गर्दी असली तरी. गर्दी असली तर जास्तच.

भीड, भीड काय लावलंय? औषधाच्या सुरक्षिततेत भीड कुठे आली?

सगळीकडे. पेशंटला डॉक्टरांना विचारायची भीड, मेडिकलवाल्याला डॉक्टरांना फोन करायची भीड, हेल्परला शेठला "हे मला वाचता येत नाही" म्हणायची भीड. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या धंद्यात तिची बहीण भीक नाही, अॅम्ब्युलन्स आहे.

डॉक्टरांचं अक्षर कळलं नाही तर फोन करून विचारायला काय होतं?

सांगतो काय होतं. चिठ्ठीवर बऱ्याचदा नंबर क्लिनिकचा असतो, तो रात्री नऊनंतर कुणी उचलत नाही. दिवसा उचलते रिसेप्शनवरची मुलगी, ती म्हणते "डॉक्टर पेशंट बघतायत". डॉक्टर आले तर कधी नीट सांगतात, कधी "इतकं कळत नाही का" असं ऐकवतात. असं एकदा चारचौघांत ऐकलं की तो फार्मासिस्ट पुढच्या वेळी फोन उचलायला कचरतो. अंदाज बांधतो. अंदाज शंभरातून नव्व्याण्णव वेळा बरोबर येतो, त्यामुळे सवय लागते.

तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने सप्टेंबर २०१६ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितलं. फरक पडला, पण जागोजाग वेगळा. ज्या डॉक्टरांनी आम्हाला स्वतःचा मोबाइल देऊन "शंका असेल तर कधीही विचार रे" असं सांगितलं, त्यांच्या चिठ्ठ्यांबाबत आमच्याकडून घोळ कमी होतात. अक्षर त्यांचंही भयंकरच आहे. विचारायची मोकळीक आहे, तिथे चूक काउंटरवरच पकडली जाते.

औषधांची नावं इतकी सारखी का असतात?

बाजारात एकेका औषधाचे ढिगाने ब्रँड, आणि नाव बहुतेक वेळा औषधावरून किंवा रोगावरून पाडलेलं. मग पहिली तीन-चार अक्षरं सारखी येणारच. सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला २००१ मध्ये निकाली निघाला. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब. दोन्ही मलेरियाच्या एकाच जीवघेण्या प्रकारावरची औषधं, आतला घटक मात्र वेगळा, एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. न्यायालयाने सांगितलं की साबणाच्या नावाचा गोंधळ आणि औषधाच्या नावाचा गोंधळ एका मापाने मोजता येणार नाही, औषधांना कसोटी कडकच हवी. औषध जाणकार माणूस विकतो म्हणून गोंधळ होणार नाही, हा युक्तिवादही न्यायालयाने चालू दिला नाही. काउंटरवर उभ्या असलेल्या कुणालाही हे पटेल.

त्यात आता बिलिंगचं सॉफ्टवेअर. तीन अक्षरं टाइप केली की खाली यादी उघडते, बाण एक घर खाली सरकला की दुसरंच औषध. कागदावरचं वाईट अक्षर गेलं आणि पडद्यावरची छान सुबक चूक आली.

दुकानात फार्मासिस्ट नसतोच म्हणतात. खरं का?

असतो, नसतो, भिंतीवर असतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. काही ठिकाणी मात्र त्याचं सर्टिफिकेट भाड्याने लटकवलेलं असतं आणि माणूस महिन्याला पैसे घेऊन दुसरीकडे नोकरी करतो. महेश झगडे राज्याच्या एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त होते तेव्हा त्यांनी याच मुद्द्यावर राज्यभर कारवाई लावली. विक्रेत्यांच्या संघटना चिडल्या, बरीच आदळआपट झाली. मी तेव्हा दोन्ही बाजूंनी विचार करायचो. नियम बरोबरच होता. पण दहा बाय बाराचं दुकान, सकाळी आठ ते रात्री अकरा उघडं, आणि त्यात एकच फार्मासिस्ट परवडतो असं म्हणणारा मालक खोटं बोलत नव्हता. केंद्राने भाव बांधलेल्या औषधांत किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन १६ टक्के धरलेलं आहे. त्यातून मुंबईचं भाडं, वीज, पगार, आणि वर गिऱ्हाइकाला डिस्काउंट. कात्री कुठे लागते? माणसांवर. पंधरा तास एकच माणूस उभा राहिला तर चौदाव्या तासाला त्याने वाचलेली पट्टी आणि पहिल्या तासाला वाचलेली पट्टी सारखी नसते.

तुम्ही काय करायचं? पांढरा कोट आणि नावाची पट्टी दिसली नाही तर सरळ विचारा, "फार्मासिस्ट कोण आहे?" राग आला तर येऊ द्या.

चिठ्ठी नसताना "मागच्या वेळचीच द्या" म्हटलं तर का देत नाही? पलीकडचा तर देतो.

हे "पलीकडचा देतो" वाक्य आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा दबाव आहे. निरीक्षक वर्षातून एखाद वेळ येतो, पलीकडचा रोज समोर असतो. दोन अँटिबायोटिकच्या गोळ्या नाकारल्या की ते गिऱ्हाईक महिन्याचं बीपी-शुगरचं औषधही घेऊन पलीकडे जातं. आणि अख्खी चाळ त्याच्यामागे.

नियम तुम्हाला माहीत असलेला बरा. शेड्यूल एच ही सरकारी औषध नियमांतली यादी, तिच्यातलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. त्यातल्या नाजूक औषधांसाठी, म्हणजे वरच्या पायरीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, काही झोपेच्या गोळ्या, एच-१ नावाची वेगळी यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. तुमचं नाव विचारलं की काही जणांना वाटतं आम्ही चौकशी करतोय. टीबीच्या पेशंटला तर फारच. कारण चाळीत बातमी जाईल.

हेही सांगतो, चिठ्ठीवरचं औषध नसेल तर "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" असं म्हणून शेड्यूल एच मधलं दुसरं देणंही औषध नियमांतल्या नियम ६५ मध्ये बसत नाही. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, स्कीम सांगून जातो, दहावर एक फुकट, मग मालकाला ते आधी संपवायचं असतं. अशा वेळी बदल तुमच्या भल्यासाठी आहे की शेल्फवरच्या स्टॉकच्या, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पट्टी कापून चारच गोळ्या घेतल्या तर काय बिघडतं?

रोजंदारीवरच्या माणसाला पंधरा गोळ्यांचे पैसे एकदम देणं जमत नाही, हे मला कळतं. म्हणून नाही म्हणत नाही. पण कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धं, एक्स्पायरी दुसऱ्याच तुकड्यावर. घरी डब्यात असे पाच तुकडे जमले की कुणाचं काय ते देवालाच माहीत. आम्ही नावाचा आणि एक्स्पायरीचा भाग गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर राहील असं कापतो, किंवा पाकिटावर पेनाने लिहून देतो. तुमच्याकडचा तसं करत नसेल तर करायला सांगा. आणि अँटिबायोटिक असेल तर हप्त्याहप्त्याने का होईना, पण कोर्स पूर्ण न्या.

पट्टीवरचं सगळं इंग्रजीत. आईला कळणार कसं?

नाही कळत. मुंबईत काउंटरवर एका तासात मराठी, हिंदी, गुजराती, भोजपुरी ऐकू येते, आणि लेबल एकाच भाषेत. त्यात डॉक्टरांची सांकेतिक लिपी: बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. १-०-१ लिहून दिलं तर सकाळ-रात्र असं आम्हाला वाटतं, पण रात्रपाळी करणाऱ्या सिक्युरिटीवाल्याची सकाळ कुठली? एकदा एकाने मलाच विचारलं, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

दोन औषधांबद्दल जास्त लिहितो, कारण इथे चूक महागात पडते.

मेथोट्रेक्सेट. सांधेदुखीच्या काही प्रकारांत आणि सोरायसिसमध्ये ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. गोळी म्हणजे रोज, अशी आपली समजूत, म्हणून घरचे भक्तिभावाने रोज देतात. जगभर याने माणसं दगावली आहेत. आम्ही पाकिटावर वार लिहितो, "फक्त रविवार", आणि गिऱ्हाइकाकडून तो वार वदवून घेतो. मला हसतात. हसू देत.

इन्सुलिन. आपल्याकडे बाटलीतलं बरंचसं इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिटचं, पेनमधलं १०० चं, आणि १०० च्या बाटल्याही मिळतात. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जातो. सिरिंज आणायला शेजारच्या मुलाला पाठवू नका, बाटली बरोबर आणा. दुकानदाराने बाटली न बघता सिरिंज दिली तर ती त्याची चूक, पण भोगणार तुम्ही.

सगळ्यांसमोर काही विचारायला लाज वाटते.

वाटणारच. आमचं काउंटर म्हणजे फुटपाथ. गर्भनिरोधक गोळी, मूळव्याध, मानसोपचाराचं औषध, टीबी. बाई कागदाची घडी पुढे सरकवते, गोळी घेते, एक शब्द न बोलता जाते. आधी कुठलं औषध चालू आहे, पोटात बाळ आहे का, हे मी विचारायला हवं असतं, पण मागे तिचा दीर उभा आहे की काय कोण जाणे. फार्मसी परिषदेने २०१५ च्या नियमावलीत पेशंटला समजावून सांगणं हे आमच्या कामात धरलंय. समजावणार कुठे, ते मात्र प्रत्येकाने बघायचं. मी काउंटरच्या टोकाला दोन फुटांची जागा मोकळी ठेवली आहे. बिस्किटांचा स्टँड होता तिथे. भावाने वेड्यात काढलं. दुपारी तीन ते पाच दुकान रिकामं असतं, तेव्हा या. किंवा फोन करा.

मोठ्या रुग्णालयात तरी असं होत नसेल?

तिथे चाळण्या जास्त असतात आणि त्या खरोखर कामी येतात. पण संस्था मोठी तशी चूकही मोठी होऊ शकते. मुंबईला १९८६ विसरता येणार नाही. जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ पेशंट दगावले. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने फक्त पुरवठादाराकडे बोट दाखवलं नाही. रुग्णालयातला खरेदीचा कारभार आणि एफडीएचा कारभारही झोडपून काढला. वॉर्डात चमच्याने औषध पाजणाऱ्या माणसाचा यात काय गुन्हा? बाटली त्याच्या हातात येण्याआधी किती सह्या झाल्या होत्या, आणि प्रत्येक सही करणाऱ्याला वाटलं होतं की आधीच्याने तपासलं असेल.

रुग्णालयात मी होतो तेव्हा नवीन पोराने वरिष्ठ डॉक्टरांच्या कागदावर "हा डोस जास्त वाटतो" असं लिहिणं म्हणजे उद्धटपणा मानला जायचा. चांगल्या रुग्णालयांत आता पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाच्या बाटल्या (चुकून थेट शिरेत गेलं तर जिवावर बेततं) वॉर्डात ठेवत नाहीत, आणि केमोथेरपीची औषधं दोन जण स्वतंत्रपणे तपासतात. स्वतंत्रपणे म्हणजे पहिल्याचं उत्तर न बघता. नाहीतर ती तपासणी नव्हे, जोडीची सही.

सरकारी आणि पालिका रुग्णालयांबाहेरच्या दुकानांत "बाहेरून आणा" म्हणून लिहिलेला चिठोरा घेऊन नातेवाईक धावत येतात. चिठोऱ्यावर पेशंटचं नाव नसतं, वजन नसतं, लहान मूल की मोठा माणूस तेही नसतं. विचारलं की ते रडकुंडीला येतात. तरी विचारावंच लागतं.

अॅपवरून मागवलं तर?

मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीत, केंद्राने घरपोच औषधाला मोकळीक दिली आणि लोकांना सोय कळली. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी ती चांगलीच. पण दहा मिनिटांत पोचवायचं असेल तर चिठ्ठी वाचायला किती मिनिटं उरतात, हे तुम्हीच मोजा. व्हॉट्सअॅपवर अर्धवट फोटो पाठवणाऱ्यांना मी पूर्ण कागद मागतो. पिशवी आणणाऱ्या मुलाला औषधाबद्दल काही विचारू नका, त्याला माहीत नसतं आणि त्याने सांगूही नये.

कडक शिक्षा केली की चुका थांबतील ना?

मुद्दाम भेसळ करणाऱ्याला, सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्याला जरूर करा. अनवधानाच्या चुकीचं वेगळं आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली एका फार्मासिस्टकडून प्रेडनिसोलोनऐवजी प्रोप्रॅनोलॉल गेलं. नावं वाचा, घोळ कसा झाला ते कळेल. पेशंट वारली आणि फार्मासिस्टवर फौजदारी खटला चालला. परिणाम असा झाला की लोक चूक सांगायलाच घाबरू लागले. शेवटी २०१८ मध्ये तिथे कायदा बदलून, चूक प्रामाणिकपणे झाली असेल आणि वेळेवर कळवली असेल तर फार्मासिस्टला बचावाची वाट दिली. आमच्याकडे काउंटरवरची चूक बहुतेक वेळा अशी मिटते: माफी, गोळी बदलून, वर चॉकलेट. कुठे नोंद नाही. त्यामुळे तीच चूक पुढच्या गल्लीत नव्याने होते.

औषधाने त्रास झाला तर कुठे कळवायचं?

आधी डॉक्टरांना. मग भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर. पेशंट स्वतः कळवू शकतो. औषध किंवा दुकानाबद्दल संशय असेल तर राज्याच्या एफडीएकडे, मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. बिल आणि पट्टी फेकू नका. बॅच नंबरशिवाय कुणालाच काही शोधता येत नाही.

घरी आल्यावर गोळी वेगळी दिसली तर?

घेऊ नका. पट्टीचा फोटो काढून दुकानात फोन करा. घेतली असेल तर डॉक्टरांना लगेच, गरगरलं, घाम आला, शुद्ध हरपल्यासारखं वाटलं तर सरळ रुग्णालयात, पट्टी खिशात घेऊन. कंपनी बदलल्यामुळे रंग बदलला असंही होतं, नेहमी चूकच असते असं नाही. पण ते ठरवायचं काम तुमचं नाही, आमचं.

(एका नव्या फार्मासिस्टचा प्रश्न) सर, मालक म्हणतो गर्दीत वाचत बसू नको, गिऱ्हाईक जातं. काय करू?

तुझा मालक मला भेटला तर त्याला मी १ आणि २ च्या पट्ट्यांची गोष्ट सांगेन. तोवर तू एक कर. पट्टी हातात घेऊन नाव आणि ताकद मोठ्याने म्हण, बिल करता करता. वेळ तेवढाच लागतो. आठवड्याभराने गिऱ्हाइकं आपणहून बरोबर म्हणायला लागतात, "हो, पाचचीच." आणि कुणी म्हणालं, "नाही हो, अडीचची असते," तर थांब, कागद परत उघड. मागचे लोक कुरकुरतील.